जिंकली तर राहतो

बाबांनी अट घातली ती जेवताना, आमटीचा भुरका मारता मारता. "रविवारी आमच्या टीमची मॅच हाय. जिंकली तर पुढच्या मॅचपर्यंत राहतो. हरली तर ठरल्याप्रमाणं बुधवारी निघतो."

आई गेल्यावर मी त्यांना कोल्हापुराहून सिंगापूरला घेऊन आले, त्याला तीन महिने होत आले होते. माझ्या मते त्यांनी परत जायचं काही कारणच नव्हतं. इथे राहण्याच्या लाँग टर्म पासचे कागद तयार होते, फक्त त्यांची सही राहिली होती. ऑफिसात वीस माणसं माझ्या शब्दावर हलतात आणि इथे वडलांनी राहावं की जावं हे कोण कुठले अकरा जण ठरवणार! मला रागच आला. पण अट निदान अर्धा होकार तरी होती, म्हणून मान्य केली.

'आमची टीम' म्हणजे बुकित बातोकला आमच्या ब्लॉकमागच्या मैदानावर संध्याकाळी सराव करणारी हौशी पोरं. पोरं कसली, चांगली तिशीतली माणसं. एक लॉरी चालवायचा, एक कुठे लॅबमध्ये होता, आणि गोलकीपर नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स होता. बाबा फिरायला म्हणून जात ते तिथेच थांबत. त्यांच्या पेठेत फुटबॉलशिवाय पान हलत नसे. तरुणपणी ते स्वतः तालमीच्या संघात डावीकडून खेळायचे, गुडघा जाईपर्यंत. त्यांचं इंग्रजी कारखान्यापुरतं, पण हातवारे आणि दहा-बारा शब्द यांवर त्या मंडळींशी त्यांचं मजेत भागत होतं. सगळे त्यांना अंकल म्हणायचे.

रविवारी चार वाजता, बसने अर्ध्या तासावरच्या मैदानावर मॅच होती. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि छत्री घेतली. सिमेंटच्या पायऱ्यांवर पन्नासेक माणसं असतील. समोरची टीम बुकित तिमाहच्या बाजूची, सगळ्यांचे बूट कोरे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी मी अक्षरशः देव पाण्यात घालून बसले होते.

वीस मिनिटांतच समोरच्यांनी गोल केला. बाबा शांतपणे म्हणाले, "वेळ हाय अजून." त्यांना घाई नव्हती. मलाच होती.

तेवढ्यात भोंगा झाला. डोक्यावर नुसतं ढगाळ होतं, पण आसपास वीज पडण्याची शक्यता असली की इथे मैदान रिकामं करावंच लागतं. दोन्ही टीम आमच्याजवळ छपराखाली येऊन बसल्या. गोलकीपर बाबांच्या शेजारी टेकला आणि बाबांनी न विचारता त्याच्या हातात चटणी लावलेली दशमी ठेवली. मग ते लॉरीवाल्याला बूट कसा बांधायचा ते दाखवायला उठले.

मी संधी साधली. गोलकीपरला हळूच विचारलं, आज हरलात तर तुमचं सगळं संपलं का?

"नो लाह," तो खाता खाता म्हणाला. "ओन्ली कप फिनिश. लीग एव्हरी संडे, टिल इयर एंड."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे आज हरले तर फक्त कपमधून बाहेर, लीगची मॅच वर्षअखेरपर्यंत दर रविवारी होतीच. बाबांना कुणी सांगितलं नसणार. हा पत्ता मी राखून ठेवला आणि पुढची मॅच बऱ्यापैकी निवांत बघितली.

पाऊण तासाने खेळ पुन्हा सुरू झाला. उत्तरार्धात लॉरीवाल्याने कोपऱ्यातून आलेला चेंडू डोक्याने आत ढकलला आणि बरोबरी झाली. आमच्या पायऱ्यांवर सगळ्यांत आधी उठले ते बाबा. मांडीवरचा डबा घरंगळला, चटणी सांडली, त्यांना पत्ता नाही. दोन्ही हात वर करून उभे होते. आई गेल्यापासून मी त्यांचा तो चेहरा पाहिला नव्हता.

शेवटची पाच मिनिटं राहिली असताना साधासा फटका गोलकीपरच्या हातातून निसटला. दोन-एक. आम्ही हरलो. बाबा पायऱ्या उतरून खाली गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

परत येताना बसमध्ये मी पत्ता टाकला. "बाबा, अजून लीग आहे. दर रविवारी. आता तुम्हाला राहावंच लागेल."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "आल्या आल्या सांगितलंय पोरांनी."

"मग अट लीगची का नाही घातलीत?"

"लीगमध्ये हरलं तरी पुढचा रविवार असतोच की. मग मी निघायचं कधी?"

मला फार लागलं ते. तीन महिने ज्यांची उठबस केली त्यांना जायचं निमित्त हवं होतं, आणि मी वेडी देवाला साकडं घालत बसले होते. तरी बोलल्यावाचून राहवेना.

"बरोबरी झाली तेव्हा सगळ्यांच्या आधी तुम्हीच उठलात."

बाबांनी रिकामा डबा मांडीवर नीट धरला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "व्हय. तेवढा वेळ राहावंसं वाटलं, बाळ."