प्रेमलाबाईंच्या नाकाचा नकाशा

डॉक्टर पूर्णिमा मूळची यवतमाळची. कुलूप लावून जिना उतरली तरी परत वर जाऊन ते ओढून बघणारी. त्वचारोगाची पदवी झाल्यावर ती पुण्यात त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप करायला आली, आणि अशा जिवाला घोर लावणारं दुसरं शिक्षण शोधूनही सापडलं नसतं. गाठीचा पातळ थर कापायचा, त्याच्या कडांना रंग लावायचे, कुठला रंग कुठल्या बाजूला ते नकाशावर टिपायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली ज्या कडेला कर्करोग उरलेला दिसेल, तिथेच पुन्हा कापायचं. तोवर पेशंट पट्टी बांधून बाहेर बसलेला.

त्या दिवशी बाहेर बसल्या होत्या मार्केट यार्डात भाजी विकणाऱ्या प्रेमलाबाई. गाठ नाकपुडीच्या जरा वर. लेकीच्या लग्नात नथ घालता येईल का, एवढंच त्या सकाळपासून विचारत होत्या.

कर्करोग निळ्या कडेला उरला होता. नकाशात निळा रंग वर, डोळ्याच्या बाजूला. म्हणजे नाकपुडी वाचली! पूर्णिमाला हायसं वाटलं आणि लगेच शंका आली. कापताना ती प्रेमलाबाईंच्या डोक्याशी उभी होती. तिथून जसं उलटं दिसलं तसंच तर तिने नकाशात काढलं नव्हतं?

गप्प बसावं तर भलतीकडचं कातडं जाणार आणि रोग आतच राहणार. बोलावं तर समोर तिला ही शस्त्रक्रिया शिकवणारे आमोद सर, आणि सरांच्या बोलण्याआधी भूल देत नाहीत. पण तिने शंका बोलून दाखवली.

"वा," सर म्हणाले. "नाकाची वरची बाजू कुठली, हे फेलोशिपच्या आधीच शिकवतात असा माझा समज होता. डोळ्याच्या बाजूला चीर दिली होतीत ना, जखमेवर आणि तुकड्यावर? जुळवून बघा."

तिने प्रेमलाबाईंची पट्टी सोडून बघितलं. तुकड्यावरची चीर लाल कडेला होती, आणि नकाशात लाल रंग खाली होता. म्हणजे निळी कड खाली, नाकपुडीकडे. नकाशा उलटाच होता.

"प्रेमलाताई, नकाशा काढताना माझी चूक झाली होती," तिने सांगितलं. "वेळेत कळलं. पण नाकपुडीची कड काढावी लागेल. नंतर ती नीट बांधता येते. लग्नात मात्र नथ नाही घालता येणार."

प्रेमलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदराने टिपले, पट्टीला धक्का न लावता.

"आता नकाशा सरळ हाय?"

"आहे. सरांनीही बघितला."

"मग कापायला तुम्हीच या. दुसरं कुणी आलं, तर त्याची चूक अजून व्हायची असंल."