एक हात खाली

"हात खाली घ्या गं बायांनो, काखेत वारं शिरंल!"

ग्रामसभेत ठरावाला हात वर झाले की मागच्या सतरंजीवरून हा आवाज यायचाच. साऱ्या गावाची ती मावशी. तिचा स्वतःचा हात मांडीवर, मुठीत तंबाखूची पिशवी. गावात मेंढरं राखणारं तिचं एकच घर उरलं होतं, आणि ठरावाच्या विरोधात बसणारंही तेच.

तेव्हा मी सरपंच होते. तुम्ही मला पाहायलाच हवं होतं! इस्त्रीची साडी, पदराला पिन, नागरिकशास्त्र पाठ असल्याची ऐट. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी भाषण ठोकलं, "लोकशाही म्हणजे बहुमत!" आणि लगेच ग्रामसभेत ठराव मांडला: पंचायतीसमोरचा जनावरांचा हौद पाडायचा, तिथं फरशीचा ओटा बांधायचा. कोनशिलेवर माझं नाव कोणत्या रंगात, तेही ठरवून ठेवलं होतं.

हात भराभर वर गेले. मावशी उठली.

"माझ्या मेंढरांनी पाणी कुठं प्यावं?"

"मावशी, बहुमत आहे. लोकशाही आहे."

"व्हय? मंग माझा बी एक ठराव घे. सरपंचीणबाईच्या दारातला रस्ता बंद करायचा. करा रे हात वर!"

कुणीतरी हसत हात वर केला. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळ्या सभेनं. पुढच्या रांगेत आमचे हे बसले होते. त्यांचाही हात वर!

"रस्ता सगळ्यांचा आहे!" मी ओरडले. "असा कसा बंद करता?"

"मंग हौद काय मी म्हायेराहून आणला? अन् आज कोणता सण हाय म्हणालीस, पोरी?"

प्रजासत्ताक दिन. मागच्या फळ्यावर रंगीत खडूनं मीच लिहिलेलं. मतं मोजायचा दिवस वेगळा. हा सण त्या मतांनाही लगाम घालणाऱ्या संविधानाचा. पुस्तकात हे दोन्ही धडे शेजारीशेजारी होते. मी एकाच धड्याला खुणा केल्या होत्या.

शेवटी नियम केला: सगळ्यांच्या वापराची वस्तू बहुमतानंही कुणाला बंद करायची नाही. आणि गंमत बघा, हा नियमसुद्धा हात वर करूनच मंजूर झाला. मावशीचा हात मात्र मांडीवरच.

"आता का गं, मावशी?"

"एक तरी खाली असू दे. न्हाईतर तुमी मोजायचंच सोडताल."

त्याला बरीच वर्षं झाली. मावशी गेल्या दिवाळीआधी गेली. यंदाच्या सव्वीस जानेवारीला ठराव आला, हौदावर तिच्या नावाची पाटी लावायची. सगळे हात वर. माझी सून आता पंचायतीत सदस्य आहे. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"आत्याबाई, हात!"

"राहू दे मांडीवर. हौद समद्याचा हाय."

बहुमतानं पाटी लागली. मावशीच्या मुलाची मेंढरं रोज पाणी पितात आणि जाताना पाटीला अंग घासतात. नावातली दोन अक्षरं पुसट झालीत. सून म्हणते, रंग देऊ.

मी म्हणते, घासू दे.