बंद दारांचा तक्ता

आमच्या अर्थशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापकांना माघारी सगळे 'चौरसफूट' म्हणत. कुठल्याही खोलीत शिरले की आधी पावलांनी ती मोजायचे. मी तिथला मुख्य लिपिक. त्यांचे तक्ते अठ्ठावीस वर्षं मीच टंकले, बेरजांचा ताळाही मीच पाहिला.

शहरातल्या जमिनीचा वापर हा त्यांचा विषय. कालव्याकाठच्या वस्तीची पाहणी त्यांनी माणसं लावून केली, ती अकरा ते चार. नियम साधा होता: दोन फेऱ्यांत दार बंद दिसलं की घर 'वापरात नाही'. शंभरातली एकसष्ट घरं तशी निघाली. निबंध गाजला. नगररचना कार्यालयाने तोच तक्ता पुढे करून वस्ती पाडायच्या नोटिसा काढल्या.

एका सकाळी सरांची थोरली बहीण विभागात आली. इस्पितळातल्या चादरी धुऊन तिने भावाला शिकवलं होतं. हातात नोटीस.

"माझं घर ओसाड आहे म्हणे. मग मी कोण रे, भूत?"

"ताई, पाहणीत दार बंद होतं."

"दिवसा बंदच असणार! सगळी गल्ली कामाला जाते. दर रविवारी जेवायला येतोस, तेव्हा दार कोण उघडतं?"

सर माझ्याकडे वळले. "बेरीज पुन्हा बघा."

"बेरीज बरोबर आहे, सर," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"घर गेलं तर माझ्याकडे ये," ते बहिणीला म्हणाले.

"मी मावते का ते मोजलंस?" म्हणून ती निघून गेली.

त्याच दिवशी सरांनी पत्र लिहिलं: माझी पद्धत चुकली, आदेश थांबवा. पत्र घेऊन आम्ही दोघं नगररचना कार्यालयात गेलो.

"सर, तक्ता तुमचाच," तिथले साहेब म्हणाले. "तो खोडायचा तर नवी पाहणी आणा. आधी परवानगीचा अर्ज करा."

परवानगीला चार महिने लागले. तेवढ्यात वस्तीचे नळ तोडले गेले. पाण्याविना माणसं किती दिवस तग धरणार?

आम्ही सकाळी सहाला गेलो, सगळे घरी असण्याच्या वेळी. गल्लीत आमच्याच पावलांचा आवाज. दारामागून दार, कुलूपच. सर एकेक रकाना भरत गेले. ताईच्या दाराशी थांबले, कडी वाजवली. थोडं थांबून पुन्हा वाजवली.

मग पेन्सिल काढून त्यांनी तिच्या क्रमांकापुढे 'बंद' लिहिलं, आणि पहिल्यांदाच तक्ता माझ्याकडे न देता स्वतःच्या खिशात घातला.