देवीच्या प्रसादाचं पंचखाद्य

डिचोलीच्या इस्पितळात, गरोदरपणातल्या मधुमेहाच्या अभ्यासासाठी आम्ही उपाशीपोटी रक्त द्यायला बसलो होतो. शेजारची मांद्र्याची बाई ओढणीला सारखी गाठ मारून सोडत होती. तिचं पहिलं मूल साखरेपायीच नवव्या महिन्यात पोटातच गेलं होतं.

"काही खाल्लं नाही ना?" नर्सनं तिला विचारलं.

"नाही."

सुई जवळ आली, तसा तिनं हात मागं घेतला.

"सिस्टर, देवीकडचं पंचखाद्य खाल्लं सकाळी. प्रसाद आम्ही खाण्यात धरीत नाही. पण माझ्या रक्तावरून दुसऱ्या बायांचे उपाय ठरतले मगे?"

तिला उद्याची वेळ मिळाली.

मग नर्सनं तोच प्रश्न मला विचारला. मी घरून गोड चहा पिऊन आले होते.