मावशीच्या पाटल्या मोबाईलमध्ये

अख्ख्या नागपुरात सोन्याशी उघड वैर धरणारी बाई एकच, ती म्हणजे माझी थोरली मावशी. मावसाजी गेल्यापासून नंदनवन भागात एकटी राहते. गुरुपुष्याला बाकीच्या बायका सराफाकडे गर्दी करतात, तेव्हा ही शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण चष्मा नाकावर ओढून बिटकॉइनचा भाव पाहत बसते. उरलेल्या शेवटच्या पाटल्या तिने स्वतः जाऊन मोडल्या आणि त्या पैशांचे कॉइन घेतले. लग्नात कुणी खवचटपणे "पाटल्या कुठं गेल्या वं?" विचारलं, की ठसक्यात सांगते, "मोबाईलमंदी हायेत!"

मला हे पटणं शक्यच नव्हतं. मी तावातावाने भांडायला गेलो. म्हटलं, "मावशी, सोनं हातात धरता येतं. तुझं कॉइन धड दिसतही नाही!"

"म्हणूनच तं घेतलं. दिसते ते लोक मांगतात."

"अगं, पण सोनं संकटात कामी येतं."

"कोणाच्या गा?"

तिचा गोफ नणंदेच्या लग्नात गेला, एकदाणी दिराच्या दुकानात. दरवेळी "घरातच तर राहते" म्हणून मावसाजींनी हात पुढे करायचा आणि हिने अंगावरचं उतरवून द्यायचं. परत काही आलं नाही. आपलं म्हणून एक काहीतरी, ज्याला कुणी हात लावणार नाही, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती इरेला पेटली. पासवर्ड कुणालाच सांगेना. दीर एकदा गोडीत म्हणाले, "वहिनी, तुम्ही इसरल्या तं?" ही शांतपणे म्हणाली, "तं माह्यासंगं जाईल."

गेल्या महिन्यात भाव गडगडला आणि सोनं मात्र चढलं. मी धावतपळत नंदनवन गाठलं. मावशी मेथी निवडत होती.

"फार गेलं का गं?"

"अर्धं गेलं."

"पाटल्या ठेवल्या असत्या तर..." म्हणालो आणि जीभ चावली.

"तं आतापरेंत कोणाच्या तरी धंद्यात असत्या," ती म्हणाली. "हे बुडलं, तं माह्या हातानं बुडलं. इतक्या वर्षांत हे पैल्यांदाच होऊन राहिलं बाप्पा. पेन्शन आली का अजून घेतो."

विकून टाक म्हणायला आलो होतो, ते राहूनच गेलं. तिच्याशेजारी बसलो आणि मेथी निवडू लागलो.