मादलोमोचे चार तास

मादलोमोचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. माझाही तेव्हाच, कारण ती उठली की आमचा पलंग माझ्या बाजूला कलंडायचा. ती स्टोव्ह पेटवायची, मी कूस बदलायचो. घरकामात माझा वाटा एवढाच, असं ती शेजारणींना सांगायची. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

मग ती इस्पितळाच्या धोबीखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. तिथे ओल्या चादरी उचलून तिचे दंड माझ्यापेक्षा जाड झाले होते. मी फाउंड्रीतला ओतारी, आता निवृत्त. इंजिनाचे भाग ओतण्यात माझी उमर गेली. वाळूचा साचा ठोकताना आळस केला की ओतीव भागात भोक पडतं आणि ते लपवता येत नाही, एवढी एक गोष्ट मला पक्की ठाऊक. फुटबॉलमधलं मला काहीच ठाऊक नव्हतं. तरुणपणी दोन सामने खेळलो. दोन्ही हरलो, त्यातला एक केवळ माझ्यामुळे.

मादलोमोला मात्र खेळ कळायचा. तिचे तिन्ही भाऊ खेळायचे आणि चौथा भिडू कमी पडला की तिला ओढून न्यायचे. आमची मुलं मोठी होऊन केपटाउनला गेली, तेव्हा तिने क्वाझाखेले वस्तीतल्या आमच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेत पोरं गोळा करायला सुरुवात केली. मी विचारलं, "हे कशाला आता?"

"शाळा दोनला सुटते, आया सहाला घरी येतात," ती म्हणाली. "मधले चार तास कुणाचेच नसतात. कुणी ना कुणी ते घेणारच, भेले. मग मी घेते."

भेले हे माझं कुळाचं नाव. रागावली की ती माझ्या सगळ्या पूर्वजांची नावं घ्यायची. ते पूर्वज मी फार ऐकले आहेत.

त्या जागेत बाटल्यांच्या काचा इतक्या की मातीच चकाकायची. तिचा पहिला नियम असा होता, की आधी काच, मग चेंडू. सगळी पोरं एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून काच वेचत जायची. मूठभर काच दाखवल्याशिवाय कुणालाही खेळायला मिळायचं नाही. घरून काच आणणारा एकजण सापडला, त्याला तिने आठवडाभर माझ्याशेजारी बसवलं. ही शिक्षा आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी होतो रेषेवरचा माणूस. झेंडा घेऊन रेषेच्या कडेने पळायचं काम. पळत मी नव्हतो, त्यामुळे झेंडा वर जायचा तेव्हा चेंडू दुसरीकडे असायचा. पोरं म्हणायची, "ताता, तुम्ही मागच्या आठवड्यातला ऑफसाइड दाखवताय का?"

यामकेला हा आमचा गोलकीपर. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या घरी राहून काम करायची आणि महिनाअखेरीस यायची. घरात तो आणि आजी. काच वेचताना हा सगळ्यात मागे राहायचा आणि पुढच्यांनी सोडलेली काच उचलायचा. असा पोरगा फाउंड्रीत असता तर मी त्याला माझ्याच भट्टीवर घेतला असता.

आणि कोपऱ्यावर डूमो होता. दारूच्या गुत्त्यासमोर त्याची पांढरी गाडी दिवसभर उभी असायची. दुकानांकडून हप्ता गोळा करणं हा त्याचा धंदा. त्यासाठी त्याला शांत, उंच, न बोलणारी पोरं लागायची. पाव विकणाऱ्या बाईसमोर असा एक नुसता उभा राहिला तरी पुरायचं. यामकेलाकडे तो वर्षभर बघत होता. रोज संध्याकाळी मादलोमो यामकेलाला त्या कोपऱ्यावरून घरी सोडायला जायची, वाटेत मोठमोठ्याने चादरींबद्दल बोलत.

डिसेंबरात यामकेला डोंगरावर गेला. आमच्यात पोरगा डोंगरावर जातो आणि पुरुष होऊन उतरतो. तिथे काय होतं ते आम्ही बोलत नाही, मीही बोलणार नाही. उतरताना त्याची तिथली झोपडी जाळून टाकतात, मग घरी मेजवानी असते आणि वडीलधारे पुरुष त्याला उपदेश करतात. आमच्या घरांना गुरं नाहीत, तरी त्या दिवशी अंगणात फांद्या रोवून गोठ्याचं कुंपण करतात. पुरुष आत, बायका बाहेर.

उपदेश करायचे ते म्हातारे झेमका. त्या सकाळी त्यांचा घसा बसला. यामकेलाचे काका माझ्याजवळ आले. "भेले, तुम्ही बोलता का? पोरगा तुमच्याच हाताखालचा."

गेली चाळीस वर्षं मला कुणी बोला म्हटलेलं नव्हतं. फाउंड्रीत आवाजामुळे ऐकू येत नसे आणि घरात मादलोमो होती. ज्वारीच्या बिअरचा डबा माझ्यापाशी आला, मी मोठा घोट घेतला आणि काठी टेकून उभा राहिलो.

चांगलं बोललो. हे मी नाही, सगळे म्हणाले. घोंगडी पांघरलेला, चेहऱ्याला लाल माती लावलेला यामकेला मान खाली घालून ऐकत होता. मी म्हणालो, "तुझी झोपडी जळाली. तिच्याबरोबर पोराची चड्डी जळाली, पोराची टवाळी जळाली, पोराचा आळस जळाला." म्हातारे हुंकार देऊ लागले. तीन गोष्टी झाल्या होत्या, पण हुंकार असा चढला होता की तिथे थांबणं जिवावर आलं. चौथी पाहिजे होती. काही सुचेना. मग सुचली.

"आणि पोराचा चेंडू जळाला! आता पुरुषांत बस. पुरुषांचं ऐक."

काठ्या आपटल्या, बाहेर बायकांनी ललकाऱ्या दिल्या. त्या ललकाऱ्यांत एक आवाज कमी होता, ते मला घरी जाताना कळलं.

"भेले," मादलोमो म्हणाली, "चौथं काय जळालं म्हणालास?"

"लयीत आलं गं ते."

"लयीत आलं," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. आमच्या गल्लीपर्यंत मी माझ्या पूर्वजांची वाट पाहत होतो. तिने एकाचंही नाव घेतलं नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

तिला त्यात हातही घालता येत नव्हता. गोठ्याच्या आत बोललेला शब्द पुरुषांचा. बाईने तो काढून घ्यायचा नसतो आणि बोलणाऱ्यानेही जेवण पचायच्या आत गिळायचा नसतो.

जानेवारीत सराव सुरू झाला. यामकेला आला नाही. त्याने बूट, हातमोजे सगळं धाकट्या ओलोनाला देऊन टाकलं होतं. नव्या पुरुषाने जुनं वाटून टाकायचंच असतं, त्यामुळे त्याची चूक म्हणावी तर नाही. नवा कोट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर टोपी, हातात काठी, अशा थाटात तो मैदानाकडे न बघता सावकाश निघून जायचा. कालपर्यंत त्याच्या पाठीत चेंडू मारणारी पोरं आता अदबीने "भूती यामकेला" म्हणायची, म्हणजे दादा.

आणि तो पुरुषांत बसायला लागला. गल्लीतले पुरुष दिवसा कामावर असतात, नाहीतर काम शोधत असतात. दुपारी दोनला बसलेले पुरुष एकाच ठिकाणी सापडतात. डूमोच्या गाडीपाशी.

मी गेलो. काठी घेऊन, कोट घालून गेलो.

"या ताता," डूमो म्हणाला. "खुर्ची द्या रे तातांना. भाषण झकास झालं म्हणतात. आमच्याकडे पण एकदा बोला."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, म्हणजे तसं दाखवलं. "यामकेला, जरा बाजूला ये."

तो उठला, टोपी काढली. वळण चांगलं. "बोला ताता."

"इथे काय करतोस?"

"तुम्ही सांगितलं पुरुषांत बस. बसलोय."

टोमणा असता तर मी ऐकवलं असतं. पण तो टोमणा नव्हता. तो खरंच माझा शब्द पाळत होता. माझ्या आयुष्यात माझा शब्द इतका तंतोतंत पाळणारा हा पहिलाच, आणि नेमका हाच शब्द.

"तुला काम दिलंय का त्याने?"

"अजून नाही. महिनाअखेरीला सांगणार आहेत."

घरी आलो. मादलोमो भाकरीचं पीठ मळत होती. "काय म्हणाला?"

"माझं ऐकतोय."

"मग संपलंच." तिने पीठ आपटलं. "तू बोलून मोडलंस, भेले. बोलून जुळणार नाही. उद्या गोलमध्ये उभा राहा."

"मी?"

"ओलोना चौदाचा आहे, चेंडू आला की डोळे मिटतो. पोरांना नेम धरायला कुणीतरी मोठं पाहिजे. तू मोठा आहेस. निदान आडवा तरी."

मी साठी ओलांडलेली. गुडघे फाउंड्रीतच ठेवून आलो आहे. पण काम म्हणजे काम. उद्या म्हटलं की उद्या. उभा राहिलो.

पहिला चेंडू पोटात बसला. तो मी अडवला असं धरलं गेलं. दुसरा पायांमधून गेला, आणि मी वाकून बघेपर्यंत तिसरा डोक्यावरून. पोरं आधी लाजत होती. मग ती भीड चेपली. मैदानाच्या कुंपणाशी माणसं जमायला लागली. पाव विकणारी बाई टोपली घेऊन तिथेच बसली, म्हणाली धंदा इथे बरा होतो. कुणीतरी ओरडलं, "ताता, चौथी गोष्ट आत गेली!" म्हणजे भाषण सगळ्यांच्या लक्षात होतं.

मी रोज गेलो. आधी काच वेचायचो, मग मार खायचो. सुधारणा झाली का? नाही. पण एकही दिवस चुकवला नाही आणि एकाही चेंडूला नुसतं जाऊ दिलं नाही. प्रत्येकावर पडलो. पडून उठायला मला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात पोरं पाणी पिऊन यायची. संध्याकाळी मादलोमो गरम पाण्याचा टॉवेल गुडघ्यावर ठेवायची, इस्पितळातल्या चादरीसारखा चार घड्या करून. दया दाखवायची नाही. "डाव्या बाजूला उशिरा पडतोस," एवढंच म्हणायची.

महिनाअखेर जवळ आली. एका संध्याकाळी मी चेंडू यायच्या आधीच तोंड फिरवून, डोकं धरून वाकलो, तेव्हा मागून आवाज आला.

"ताता, चेंडूला पाठ दाखवू नका."

यामकेला गोलमागे उभा होता. कोट, बटणं, टोपी. चेहरा पुरुषासारखा गंभीर ठेवायचा त्याचा प्रयत्न चालला होता आणि ओठ साथ देत नव्हते.

"मग काय दाखवू? तोंड?"

"छाती. पुढे या दोन पावलं. मागे राहिलात की गोल मोठा दिसतो त्यांना."

मी पुढे आलो. पुढचा चेंडू छातीवर आदळला आणि बाहेर गेला. कुंपणाशी टाळ्या पडल्या. माझा श्वास परत यायला वेळ लागला. तोवर यामकेला ओलोनाकडे वळला होता.

"तू डोळे का मिटतोस?"

"भीती वाटते, भूती."

"मलाही वाटायची. चेंडूकडे बघू नको, मारणाऱ्याच्या कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही." तो काठीने मातीत रेघ ओढायला लागला. "इथे उभा राहा. नाही, इथे."

ओलोना तिथे उभा राहिला. डोळे उघडे राहिले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चेंडू हातात आला, आणि ओलोनाला ते आमच्यापेक्षा उशिरा कळलं.

यामकेला एकदम थांबला. आपण कुठे उभे आहोत हे त्याला जाणवलं असावं. त्याने कोट झटकला, माझ्याकडे आला, हळू आवाजात म्हणाला, "ताता, हे चालतं का? पुरुषाला?"

सगळी पोरं बघत होती. मादलोमो रेषेवर होती, तिने मुद्दाम पाठ फिरवली, कारण हा पुरुषांतला प्रश्न. मला पुष्कळ सुचत होतं. पोराने चेंडू खेळणं वेगळं, पुरुषाने पोरांना शिकवणं वेगळं. लहानांना वळण लावणं हेच मोठेपण. तीन वाक्यं तयार झाली होती, चौथं येत होतं.

"चालतं," मी म्हणालो, आणि तोंड मिटलं.

माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण. ते ऐकायला झेमका मात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दोनला आला. खेळला नाही. कोटातच उभा राहून शिकवलं. महिनाअखेरीला डूमोची गाडी मैदानाच्या कडेला येऊन थांबली. पोरं तेव्हा काच वेचून परतत होती, प्रत्येकाची मूठ भरलेली.

गाडीची काच खाली करून डूमो म्हणाला, "यामकेला, चल. काम आहे."

"सहापर्यंत जमणार नाही."

"सहानंतर ये मग."

"सहानंतर यांना घरी सोडायचं असतं." त्याने टोपी काढली. "माफ करा, भूती."

डूमोने त्याच्याकडे पाहिलं, मादलोमोकडे पाहिलं, मग त्या मुठींकडे. माझ्याकडे पाहून तो हसला. माझ्याकडे पाहून सगळेच हसतात. गाडी गेली. लांब गेली नाही, कोपऱ्यावरच थांबली. त्या वर्षी त्याला दुसरे दोघे मिळाले, त्यातला एक आमच्याच ओळीत काच वेचलेला. मादलोमो अजून त्याच्या आईला तोंड दाखवताना अडखळते. सगळे साचे नीट निघत नाहीत, कितीही ठोका.

थंडी पडायच्या सुमारास मादलोमोची नोकरी संपली. धोबीखान्याने एक केक कापला आणि इतक्या वर्षांच्या सेवेचे म्हणून पैसे दिले. त्यातून स्वयंपाकघरावर नवे पत्रे येतील असं मला वाटत होतं. तिने ते ईस्ट लंडनला, म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरच्या पुढच्या शहरात, होणाऱ्या फुटबॉल शिक्षकांच्या वर्गासाठी भरले. शिकण्याची फी, राहणं, बसचं जाण्या-येण्याचं तिकीट, सगळं यामकेलाच्या नावावर. उरलेल्या पैशांत आणखी एका माणसाची फी बसत होती. मी घसा खाकरून तसं सुचवलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या पैशांची माझ्या गुडघ्यांना लावायची मलमं आणली.