काकूंनी चाक सरळ केलं

शिवणकाम करणाऱ्या काकू पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकल्या. शिवलेले कपडे त्या स्वतःच घरोघर पोचवत. एका सकाळी उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं आणि काकू सायकलसकट आडव्या. हात खरचटला, कपड्यांचं गाठोडं वाचलं, पण पुढचं चाक पार वाकडं झालं.

घरी लगेच सभा भरली. मुलगा म्हणाला, "आई, या वयात हे नसते उद्योग कशाला?"

नवरा बिचारा धास्तावलेलाच होता. "अगं, थोडक्यात निभावलं. आता बास कर. भंगारात जाऊ दे ती."

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानेही हात टेकले होते. "काकू, नवीनच टाका चाक. याचा आउट, हा वाकडेपणा, निघायचा नाही."

काकू कुणाशीच वाद घालत बसल्या नाहीत. सायकलवाल्याकडून आरे पिळायची चावी तेवढी मागून आणली. जेवणं झाल्यावर अंगणात सायकल उलटी उभी केली आणि पदर खोचला. चाकाच्या दोन्ही अंगांना, चिमट्याच्या दांड्यांवर, रिमला जेमतेम लागणार नाहीत असे, कापडावर खुणा करायचे खडू बांधले. चाक फिरवलं की जिथे रिम बाहेर झुकलेली, तिथेच खडू घासायचा.

खूण दिसली, पण पहिल्याच झटक्याला चावी उलटी फिरली आणि चाक आणखी वेडंवाकडं झालं. खिडकीतून नवरा म्हणाला, "सांगत होतो!"

"अहो, तुम्ही आत बसा बरं."

काकू क्षणभर थांबल्या. त्यांनी एकेक आरा बोटाने छेडून पाहिला. काही कडक, काही ढिले. म्हणजे शिलाई मशीनचीच गत की! एक दोरा जास्त ताणला की टाका त्याच्याकडे ओढला जातो. मग घाई सोडली. रिम ज्या अंगाला झुकलेली, त्या अंगाचे आरे जरासे सैल, पलीकडचे जरासे घट्ट. पुन्हा फिरवायचं, पुन्हा पाहायचं. दुपार कलली, कंबर धरली, बोटं काळी झाली. खडूची रेघ मात्र आखूड होत होत ठिपक्यावर आली. शेवटी काकूंनी जोरात चाक फिरवलं. खडू लागलाच नाही. सळसळत, डौलात, नुसतं फिरत राहिलं!

"निघाला!" काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारीण पोळपाट-लाटणं टाकून धावत आली.

सायकल सुलटी करून, ब्रेक तपासून काकूंनी गल्लीला दोन चकरा मारल्या. सायकलवाल्याने दुकानाबाहेर येऊन, वाकून चाक न्याहाळलं. "काकू, उद्यापासून माझ्याकडेच या कामाला."

"आधी तुझी पँट शिवून होऊ दे," काकू हसल्या.

घरासमोर नवरा चपला घालून उभा होता. घसा खाकरत म्हणाला, "मला जरा चौकापर्यंत सोडतेस?"

"बसा मागे. आणि घट्ट धरा हं," काकू म्हणाल्या आणि पायडल मारलं.